धुळीवरचा पहारा

कच्च्या वाटांवर धावणाऱ्या मोटारसायकलीचे आयुष्य तिच्या फोमच्या हवागाळणीवर अवलंबून असते. १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून निघालेल्या पहिल्या डकार शर्यतीला सहाराची वाळू ओलांडावी लागली. तेथे स्वाराच्या धैर्याइतकीच या गाळणीचीही कसोटी होती.

फोमची छिद्रे बारीक धुळीच्या कणांहून मोठी असतात. धूळ धरते ते त्यावरील चिकट तेल. मळकी गाळणी इंजिनाचा श्वास कोंडते, तर धुऊन कोरडीच बसवलेली गाळणी त्याच्या पोटात वाळू जाऊ देते आणि पिस्टनच्या रिंगा झिजवते.

गाळणी काढताच हवेच्या मार्गात स्वच्छ फडके बसवावे. फोम आगीपासून दूर, रॉकेलात दाबून धुवावा. पिळल्यास तो फाटतो. पेट्रोल वापरू नये. ते चटकन पेट घेते व जोडांचा गोंदही सोडवते. नंतर साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवावा. मग गाळणीचे खास तेल दाबदाबून सर्वत्र सारखे मुरवावे, जास्तीचे दाबून काढावे, कडेला ग्रीस लावावे आणि गाळणी घट्ट बसवावी. कडेला फट राहिली तर सारे श्रम व्यर्थ होत. धुळीला तेवढी वाट पुरते.