यंत्र स्वस्त झालं, सोबतीचं काय?



परवा आमच्या आळीतली एक मुलगी माझ्याकडे आली. पुण्याला नोकरी करते, शनिवार-रविवारी साताऱ्याला येते. म्हणाली, "काका, आईसाठी एक छोटा, स्वस्तातला डेस्कटॉप घ्यायचं मनात आहे. तिचं मसाल्यांचं काम वाढलंय. हिशेब वहीत, ऑर्डरी मोबाइलवर, लेबलं बाहेरून छापून आणायची. पण तिने आजवर संगणकाला हात लावलेला नाही. ती वापरेल का हो? की पैसे पाण्यात जातील?"

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. 'विचार करून सांगतो' म्हटलं. कारण नेमका हाच प्रश्न २००५ साली आमच्या घरात उभा राहिला होता, आणि त्याचं उत्तर मिळायला आम्हाला बरीच वर्षं लागली. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

माझा साताऱ्यात लहानसा छापखाना. शिशाचे खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, पुढे डीटीपी आलं, म्हणून संगणकाशी संबंध. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. आपल्या शाळेच्या आठवणी लिहायच्या, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा एकच संकल्प. चार वह्या लिहून झाल्या आणि हात थरथरू लागला. अक्षर त्यांचं त्यांनाच लागेना. ज्या माणसाने आयुष्यभर फळ्यावर मोत्यासारखं अक्षर काढलं, त्याला हे फार लागलं होतं.

त्यांचा मुलगा अमेरिकेत. २००५ च्या मे महिन्यात तो सुट्टीवर आला, तेव्हा हातातल्या पिशवीतून त्याने एक पांढरी चौकोनी वस्तू काढली. वहिनींना वाटलं, डबा आहे. तो 'मॅक मिनी' होता.

या डब्याची त्या वेळी बरीच चर्चा होती. ११ जानेवारी २००५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत ॲपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी तो लोकांसमोर आणला. साडेसहा इंच लांब, तितकाच रुंद, दोन इंच उंच, वजन सव्वा किलोहून थोडं अधिक. किंमत ४९९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण २२ हजार रुपये. ॲपलने तोवर इतका स्वस्त मॅक कधी काढलाच नव्हता. त्याआधी २००० साली त्यांनी 'क्यूब' नावाचा असाच आटोपशीर संगणक काढला होता. दिसायला देखणा, पण किंमत १,७९९ डॉलर. वर्षभरातच तो थांबवावा लागला. त्यामुळे या वेळी त्यांनी हिशेब बदलला. खोक्यात फक्त डबा. पडदा, कीबोर्ड, माउस तुमचे तुम्ही जोडा.

यातली मेख लक्षात घ्या. 'तुमचे तुम्ही जोडा' असं कोणाला सांगता येतं? ज्याच्या घरी ते आधीच आहे त्याला. म्हणजे कंपनीच्या डोळ्यांपुढचा 'नवा ग्राहक' हा विंडोजचा संगणक वापरणारा, आयपॉडवर गाणी ऐकून ॲपलच्या प्रेमात पडलेला माणूस होता. ज्याने संगणक कधी पाहिलाच नाही, तो नव्हे. आणि आमचे दादा होते दुसऱ्या प्रकारचे.

पुतण्या आठ दिवसांत परत गेला. जाताना म्हणाला, "काका, तुमच्या भरवशावर ठेवून जातोय."

आता माझी परीक्षा सुरू झाली. छापखान्यातला जुना पडदा आणला. तो जोडायचा तुकडा खोक्यातच होता. पण जुना कीबोर्ड काही बसेना, कारण त्याची पिन गोल आणि या डब्याला यूएसबीच्या सपाट खाचा. मग नवा कीबोर्ड, नवा माउस. भारनियमनाचे दिवस, म्हणून बॅटरी. शिवाय बसायला टेबल. स्वस्त वस्तू घरात आणली की तिच्यामागून वऱ्हाड येतं, ते असं.

खरी अडचण पुढेच होती. दादांना लिहायचं होतं मराठीत. त्या संगणकात देवनागरीची सोय होती, इनस्क्रिप्ट पद्धतीची. तिची रचना शिक्षकाला पटेल अशीच आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. मी चिकटपट्टीवर अक्षरं लिहून कळांवर लावली. दादा एका बोटाने सुरू झाले. थरथरता हातसुद्धा एक कळ दाबू शकतो, हे कळल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आणि दुसऱ्याच दिवशी गाडी अडली. 'दुसऱ्या' हा शब्द काही केल्या नीट उमटेना. 'र' ला 'य' जोडला की डोक्यावर रफार चढायचा. दादा म्हणाले, "मी मुलांना आयुष्यभर शुद्धलेखन शिकवलं. हे असलं अशुद्ध माझ्या नावावर नको." आणि उठले. दोन दिवस खटपट केल्यावर मला उमगलं, की शिफ्टसह 'र' ची कळ दाबली की वेगळा 'ऱ' येतो आणि मग जोडाक्षर बरोबर बसतं. एवढीशी गोष्ट. पण ती सांगायला त्या दोन दिवसांत मी शेजारी बसलो नसतो, तर आमच्या घरातला संगणकाचा इतिहास दुसऱ्या दिवशीच संपला असता.

श्रोतेहो, तो संपला नाही, पण मध्ये खंडित झाला, आणि ती चूक माझी. साठ पानं झाल्यावर दादा म्हणाले, "आता छापून दाखव." मी फाइल छापखान्यात नेली, आणि पानं लावायच्या माझ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांचं सगळं मराठी प्रश्नचिन्हं होऊन उतरलं. त्यांनी लिहिलं होतं युनिकोडमध्ये. माझं आणि त्या काळातल्या बहुतेक मराठी छापखान्यांचं काम चालायचं खाजगी फॉन्टवर, ज्यात एका फॉन्टमधलं लेखन दुसऱ्यात उघडत नसे. बरीच मराठी वर्तमानपत्रंसुद्धा इंटरनेटवर तेव्हा आपापले फॉन्ट वापरत, त्यामुळे दादांच्या पडद्यावर तीही गिचमिड दिसत. मी हे दादांना आधी सांगायला हवं होतं. मला सुचलंच नाही.

दादा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मग मी हे कोणासाठी टाइप करतोय?" डब्यावर वहिनींनी विणलेला रुमाल आला. रुमाल आला की समजावं, यंत्र निवृत्त झालं.

तो रुमाल काढला वहिनींनीच. २००६ साली घरी ब्रॉडबँड आलं आणि पुतण्याने फोनवर सांगितलं, की स्काइपवरून बोललं तर वेगळं बिल येत नाही. वहिनी सातवी शिकलेल्या. 'हे आपलं काम नाही' म्हणून त्या टेबलाच्या जवळही जात नव्हत्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, मला बाकी काही नको. त्याचा आवाज ऐकायला काय काय दाबायचं, तेवढं दाखवा." मी एका कागदावर पाच ओळी लिहून दिल्या. तिसऱ्या रविवारी त्या कागद न बघता बोलू लागल्या. पुढे नातीचे फोटो बघू लागल्या. आणि रोज संगणक चालू दिसू लागल्यावर एके सकाळी दादाही येऊन बसले आणि एकसष्टावं पान सुरू केलं.

माझ्या समजुतीचा धडा एवढाच आहे. स्वस्ताई माणसाला दारापर्यंत आणते. उंबरा ओलांडायला दोन गोष्टी लागतात : आत आपलं असं एखादं काम असावं लागतं, आणि हात धरणारं कोणीतरी.

हे एका घरापुरतंच खरं आहे का, म्हणून मी बाहेरही पाहिलं. त्या काळात ॲपलचा पसारा वाढला हे खरं. आर्थिक वर्ष २००४ मध्ये सुमारे ३३ लाख मॅक विकले गेले होते, २००७ मध्ये ७० लाखांच्या वर. पण त्याचं श्रेय एकट्या या डब्याला देता येत नाही. आयपॉड होता, लॅपटॉपची मागणी होती, २००६ पासून इंटेलच्या प्रोसेसरमुळे मॅकवर विंडोजही चालू लागलं होतं. आणि ॲपलची स्वतःची दुकानं होती, जिथे माणूस जाऊन यंत्राला हात लावू शकत होता, विचारू शकत होता, पैसे भरून शिकूही शकत होता. या दुकानांत मॅक घेणारे जवळपास निम्मे लोक पहिल्यांदाच मॅक घेत आहेत, असं कंपनी सांगत असे. म्हणजे तिथेही सोबत होतीच, फक्त ती दुकानाने दिली.

आपल्याकडे त्याच २००५ साली एचसीएलने दहा हजार रुपयांच्या आतला, लिनक्सवर चालणारा संगणक आणला. बातम्या खूप झाल्या. पण आमच्या गावात लोक जास्त पैसे घालून दुकानदाराकडून जुळवून घेतलेला संगणकच आणत राहिले. कारण तो बिघडला तर दुकानदार सायकलवरून घरी यायचा, आणि शेजारच्या मुलाला त्यातलं कळत असायचं.

इंग्लंडमध्ये २०१२ साली 'रास्पबेरी पाय' आला. पत्त्यांच्या कॅटएवढा, ३५ डॉलरचा. केंब्रिजच्या एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शाळकरी मुलं पुन्हा प्रोग्रॅमिंगकडे वळायला हवी होती. त्यांना काही हजारांचा खप अपेक्षित होता. २०२४ पर्यंत सहा कोटींहून अधिक विकले गेले. पण सुरुवातीला तो घेतला प्रामुख्याने जाणत्या हौशी लोकांनी, आणि पुढे मोठ्या प्रमाणावर कारखानदारीने. मुलांपर्यंत तो पोचला तो मुख्यतः शिक्षकांच्या आणि संगणक-मंडळांच्या हातून.

आणि महाराष्ट्रात संगणकाला नवी माणसं कशाने मिळाली? माझ्या मते एमएस-सीआयटीने. २००१ पासून सुरू झालेला हा अभ्यासक्रम. 'सर्टिफिकेटसाठी करतात' म्हणून आपण त्याची थट्टा केली. पण तालुक्याच्या गावात एक खोली, त्यात संगणक, शेजारी उभं राहून दाखवणारी एखादी मॅडम, आणि नोकरी-बढतीचं एक कारण, हे सगळं तिथे एकत्र होतं. यंत्र विकत घ्यावंही लागत नव्हतं.

आता काळ बदलला. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं आणि बहुतेकांच्या हाती पहिला संगणक आला तो मोबाइलच्या रूपात. मॅक मिनीचंच म्हणाल, तर २०२४ साली तो पाच इंचांचा झाला. अमेरिकेत ५९९ डॉलर, आपल्याकडे ५९,९०० रुपये. पहिल्या डब्यात मेमरी २५६ एमबी होती, यात १६ जीबी. यंत्र कुठल्या कुठे गेलं. पण पडदा, कीबोर्ड, माउस आजही तुमचे तुम्ही. आणि हात धरणारा माणूस खोक्यात आजही मिळत नाही.

दादांची पुस्तिका २००९ साली छापली, १४० पानांची. तोवर मी छापखान्यात युनिकोड आणलं होतं. दादा आता नाहीत. मागच्या महिन्यात त्यांच्या शाळेने त्या पुस्तिकेची नवी आवृत्ती मागितली. मी जुनी फाइल काढली, ती पहिल्या फटक्यात उघडली, माझ्या मोबाइलवरसुद्धा. 'दुसऱ्या' सुद्धा जागच्या जागी. आणि त्याच वर्षांतली माझ्या छापखान्याची स्वतःची कामं? खाजगी फॉन्टमधली. त्यातली निम्मी आज कशातच उघडत नाहीत. दोघांमध्ये नवशिका कोण होता, हे मला तेव्हा कळलं.

तर त्या मुलीला मी काय सांगितलं? म्हटलं, "घे, पण आधी चार गोष्टी. पडदा, प्रिंटर, बॅटरी धरून पूर्ण खर्च मांड. मराठी कीबोर्ड आधी सुरू करून ठेव, आईच्या समोर शोधत बसू नकोस. पहिल्या दिवशी एकच काम दाखव, लेबल छापण्याचं, हिशेब नंतर. आणि पहिले पंधरा दिवस कोणीतरी शेजारी बसायला हवं. ती अडली की लगेच माउस हातात घेऊन स्वतः करून द्यायचं नाही. तिचा हात, तिची चूक, आपण फक्त शेजारी."

ती थोडी विचारात पडली. म्हणाली, "पैशांची सोय आहे काका. पंधरा दिवसांचं बघावं लागेल."

दोन दिवसांनी तिचा फोन आला. पुढचे तीन शनिवार-रविवार तिने मोकळे ठेवलेत. मधल्या दिवसांत संध्याकाळी तासभर मी जाणार आहे. संगणक कोणता घ्यायचा, ते आता ठरवू.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)