खलनिग्रहण : तुकाराम ओंबळे यांचे स्मरण



सुवर्णमहोत्सवाच्या आनंदपर्वात एका मृत्यूचे स्मरण करावयाचे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपल्या समाजाने मायभूमीचा अभिमान बाळगताना संतांचे अभंग आणि शिवकालाचे पोवाडे जपणे एवढ्याने भागणार नाही. आपल्या हयातीत घडलेल्या पराक्रमाचा अर्थही आपण नीट समजून घेतला पाहिजे. म्हणून मी आज साहाय्यक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम गोपाळ ओंबळे यांच्याविषयी बोलणार आहे.

'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' हे महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद आपणांस ठाऊक आहे. त्यातील 'निग्रह' हा शब्द विचार करण्याजोगा आहे. निग्रह म्हणजे संहार नव्हे. निग्रह म्हणजे आवरणे, धरून ठेवणे. रणांगणावर सैनिकाने शत्रूचा नाश करावा. पोलिसाने मात्र गुन्हेगाराला धरावे आणि न्यायासनापुढे उभे करावे. या दोन धर्मांतील भेद ओंबळ्यांना अनुभवाने ठाऊक असणार. सातारा जिल्ह्यातील केडंबे या गावचा हा पुत्र आधी भारतीय सैन्यात होता आणि नंतर मुंबई पोलीस दलात आला.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री समुद्रमार्गे आलेल्या दहा दहशतवाद्यांनी मुंबईवर हल्ला केला. त्यांपैकी दोघांनी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर निरपराध प्रवाशांचे हत्याकांड केले. पुढे कामा रुग्णालयाच्या परिसरात हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे अधिकारी त्यांच्याच गोळ्यांना बळी पडले. मध्यरात्रीनंतर पळवलेल्या मोटारीतून ते दोघे गिरगाव चौपाटीवर आले. तेथे डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या पथकाने नाकाबंदी केली होती. मोटार वळवून पळण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, ती रस्त्यामधील दुभाजकावर जाऊन आदळली आणि चकमक उडाली. मोटार चालवणारा मारला गेला. दुसरा, अजमल कसाब, बंदूक घेऊन बाहेर आला. त्या क्षणी ओंबळ्यांच्या हातात केवळ लाठी होती. ते पुढे झाले आणि त्यांनी त्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी घट्ट पकडली. गोळ्या त्यांच्या देहात शिरत होत्या, तरी त्यांची पकड सुटली नाही. तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांनी कसाबवर झडप घालून त्याला जेरबंद केले. दहा जणांपैकी जिवंत हाती लागला तो हा एकच.

हे वीरमरण होते, यात शंका नाही. २००९ साली राष्ट्राने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र अर्पण केले. परंतु माझ्या मते त्या पकडीचे मोल पुढील चार वर्षांत उमगले. कसाब जिवंत होता, म्हणूनच हल्लेखोर कोठून आले याचा जिता पुरावा जगापुढे उभा राहिला. प्रारंभी नाकबूल करणाऱ्या पाकिस्तानला जानेवारी २००९ मध्ये तो आपला नागरिक असल्याचे मान्य करावे लागले.

त्या काळी अनेक जण संतापाने विचारीत, "याला खटला कशाला? चौकात फाशी द्या!" १६६ माणसे गमावलेल्या देशाचा तो संताप स्वाभाविक होता. तथापि आपल्या राज्यव्यवस्थेने त्याला वकील दिला, साक्षी-पुरावे तपासले. विशेष न्यायालयाने मे २०१० मध्ये दिलेली शिक्षा मुंबई उच्च न्यायालयाने आणि सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा येथे तिची अंमलबजावणी झाली. त्याच खटल्यातील दोन भारतीय आरोपींना मात्र पुराव्याअभावी निर्दोष सोडण्यात आले. एकाच न्यायालयाने एकाला देहदंड द्यावा आणि दोघांना मुक्त करावे, यातच न्याय आणि सूड यांतील अंतर स्पष्ट होते.

श्रोतेहो, 'झटपट न्याया'च्या वार्ता ऐकून टाळ्या वाजवण्याचा मोह आज आपणां सर्वांना होतो. तो मोह होईल तेव्हा चौपाटीवरील त्या पकडीचे स्मरण करावे. जिवंत धरलेल्या गुन्हेगाराला तेथल्या तेथे ठार करणे हाच जर पुरुषार्थ असेल, तर एका माणसाने स्वतःचे प्राण देऊन साधलेले कार्य आपण व्यर्थ ठरवतो.

१९५९ साली लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात दहा पोलीस धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मरणार्थ २१ ऑक्टोबर हा दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो, आणि त्या वर्षात कर्तव्य बजावताना प्राण वेचलेल्यांची नावे वाचली जातात. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्याला ती नावे परभाषिक वाटतील. परंतु ज्या नगरीत आपण निर्धास्त झोपतो, तिचे रक्षण तीच माणसे करीत असतात. मंडळाच्या सभासदांनी त्या दिवशी स्थानिक मानवंदनेस आवर्जून उपस्थित राहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.