दिल्लीचं नव्हे, लखनौचं सरोजिनी नगर



मी सरोजिनी नगरला राहते असं सांगितलं, की पुण्या-मुंबईच्या बायकांचे डोळे चमकतात. "अय्या, मग तुमची मज्जाच! किती स्वस्तात कुर्ते!" ते दिल्लीचं सरोजिनी नगर, बाजाराचं. माझं लखनौचं. चारबाग स्टेशनवरून कानपूरच्या रस्त्याला लागलात की विमानतळ येतो, आणि त्याच्याच आसपास आम्ही. हाच रस्ता पुढे कानपूरला जातो आणि तिथून बिठूर जवळ. दुसरे बाजीराव पेशवे १८१८ नंतर येऊन राहिले, ते बिठूर. तेव्हा पोटापाण्यासाठी इकडे आलेले मराठी लोक आम्हीच पहिले नव्हे. फक्त त्यांना इंग्रज वर्षाला आठ लाख रुपये पेन्शन देत असत. आमच्या ह्यांची पेन्शन किती होती ते विचारू नका.

स्टेजवर येऊन बोलायची माझी तयारी होती, गुडघ्यांची नव्हती. म्हणून ही मुलं कॅमेरा घेऊन घरीच आली आहेत. मध्येच विमान गेलं तर मी थांबेन. सवय आहे. आमच्या घरातली अर्धी भांडणं विमानांमुळे अर्धवट राहिलेली आहेत.

मी ७२ वर्षांची. माहेर मिरज, सासर पुणे. १९७६ साली लग्न झालं आणि महिन्याभरात लखनौला आले, कारण हे स्कूटर्स इंडियात नोकरीला होते. १९७२ साली सरकारने ही कंपनी काढली. इटलीत मिलानला इन्नोसेंटी नावाचा कारखाना होता, लॅम्ब्रेटा स्कूटर करणारा. त्याची यंत्रसामग्री विकत घेतली आणि ती इथे सरोजिनी नगरला आणून उभी केली. १९७५ पासून स्कूटरी बाहेर पडू लागल्या. मिरजेत आमच्या आईला हे काही पटायचं नाही. "मिलानचा कारखाना, लखनौला? मधे मिरज लागत नाही का?" असं तिने खरोखर विचारलं होतं.

आता गंमत अशी, की माझा सख्खा भाऊ आकुर्डीला बजाजमध्ये. म्हणजे भाऊ चेतकवाला आणि नवरा विजयवाला. दर दिवाळीला आम्ही माहेरी गेलो की भाऊबीजेचं ताट बाजूला राहायचं आणि दोघांचं सुरू व्हायचं. चाकं कुणाची मोठी, इंजिन कुठे बसवावं, पेट्रोल कोण कमी पितं. एकदा दोघं पहाटे अंगणात एका किकेत गाडी कुणाची सुरू होते याची पैज लावून उभे. सगळी गल्ली गोळा झाली. निकाल मी सांगणार नाही, कारण दोघांपैकी एक जण हा व्हिडिओ बघणार आहे आणि त्याला रक्तदाबाचा त्रास आहे.

हिंदी आणि मराठी बहिणी-बहिणी म्हणतात. असतील. सख्ख्या बहिणींसारख्याच एकमेकींच्या वस्तू उचलून भलत्या कामाला वापरतात. सासूबाई पहिल्यांदा इकडे आल्या तेव्हा रिक्षातून पाट्या वाचत होत्या. 'बेसिक शिक्षा अधिकारी' ही पाटी वाचून त्या गप्प झाल्या. घरी आल्यावर ह्यांना म्हणाल्या, "बेसिक शिक्षा असते, म्हणजे मग पुढची केवढी असेल रे?" दुसऱ्या दिवशी 'यातायात पुलिस' दिसले. "माणसाची यातायात करायला वेगळे पोलीस लागतात होय इकडे!" आमचा दूधवाला चाळिशीचा, टापटिपीचा माणूस. सासूबाई त्याला प्रेमाने "दादा" म्हणायच्या. इकडे दादा म्हणजे आजोबा. त्याने महिनाभर निमूट ऐकून घेतलं आणि मग एक दिवस मिशीला कलप लावून आला. बोलला मात्र काही नाही. लखनौचा होता ना.

आणि ते 'हम'. इथला माणूस एकटा असला तरी 'हम'. माझा मुलगा शाळेतून येऊन सांगायचा, "आम्ही डबा खाल्ला." मी विचारायचे, कोण कोण? तर हा एकटाच. त्याचं मराठी असं अर्धं गोमतीचं, अर्धं कृष्णेचं. आता तो पुण्यात असतो आणि तिथे त्याला लोक म्हणतात, तुम्ही यूपीचे का? इथे जन्मभर त्याला म्हणायचे, आप तो महाराष्ट्र के हैं. मुलीने हा प्रश्नच ठेवला नाही. तिने इंदिरा नगरमधला श्रीवास्तवांचा मुलगा केला आणि मोकळी झाली. तिची मुलगी, म्हणजे माझी नात, मला "आजी" म्हणते आणि पुढचं सगळं हिंदीत बोलते. "आजी, आप खाना खा लीजिए." त्यातल्या त्यात आजी मराठी आहे, हेही काही कमी नाही.

छंदांबद्दल बोला म्हणाले होते. माझा जुना छंद चिकनचा. आपल्याकडे चिकन म्हटलं की लोक ताट पुढे ओढतात. मी चिकनकारीबद्दल बोलतेय, कापडावरच्या. मागच्या गल्लीत एक अम्मी राहायच्या, दुपारी ओसरीत बसून घरोघरच्या बायकांबरोबर भरतकाम करायच्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसायला लागले ती गप्पांसाठी. त्यांनी हातात सुई दिली. पहिला टाका दाखवला तेपची. मी हसायलाच लागले. अहो, तो आपला धावदोरा! मिरजेत आजीबरोबर गोधड्या शिवताना मी मैलभर तरी घातला असेल. अम्मी म्हणाल्या, "अरे, ये तो सीखी-सिखाई आई है." तेवढ्यावर मी फुगले आणि त्यांनी लगेच मुर्री पुढे केली. मुर्री म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी गाठ. ती जमायला मला दीड वर्ष लागलं.

पण हे काम फार विचारपूर्वक रचलेलं असतं. आधी कापडावर लाकडी ठशांनी निळ्या कच्च्या रंगात नक्षी छापतात. त्यावर भरायचं. बखिया उलट्या बाजूने भरायचा, म्हणजे पातळ मलमलीतून सुलट्या बाजूला त्याची नुसती सावली दिसते. जाळीत तर एकही धागा कापत किंवा ओढून काढत नाहीत. सुईने धागे बाजूला सारून, बांधून भोकं पाडायची. एकच बाई सगळं करते असंही नाही. मुर्रीवाली वेगळी, जाळीवाली वेगळी. एक कुर्ता चार-पाच घरं फिरून येतो. शेवटी धोब्याकडे. तो धुतो तेव्हा निळं सगळं जातं आणि पांढऱ्यावर पांढरं उरतं. २००८ साली लखनौच्या चिकनकारीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला आनंदच आहे. पण तुम्ही हजरतगंजच्या दुकानात कुर्त्याची किंमत बघता ना, त्यातलं त्या ओसरीवर किती पोचतं ते मी पाहिलेलं आहे. अम्मींना पन्नाशीतच सुईत दोरा ओवता येईना. मग त्यांच्या सुया मी ओवून ठेवायचे, सकाळी वीस. घासाघीस करायची असेल तर दुकानात करा. दारात काम घेऊन आलेल्या बाईशी करू नका. एवढं माझं ऐका.

आमच्या घरात मात्र या छंदाचा लोकांना जाच झाला. जावयाला आठ कुर्ते झाले. तो बिचारा दर सणाला नवा घालतो आणि "मम्मी, लाजवाब" म्हणतो. मुलाने एकदा सांगितलं, आई, पांढरं नको, पुण्यात मळतं. मी त्याला बदामी रंगावर पांढरं भरून दिलं. तेही मळतं म्हणाला.

थांबा. हे जाऊ दे... गेलं. मुंबईचं असेल.

हे नोकरीतून निवृत्त झाले आणि घरात आम्ही दोघंच राहिलो. कंपनीने दुचाकी करणं केव्हाच थांबवलं होतं, उरले होते विक्रम, म्हणजे ते तीनचाकी टेंपो. लखनौची माणसं एका विक्रममध्ये किती बसतात हे मोजायच्या फंदात कुणी पडू नये. हे त्यात ड्रायव्हरशेजारी बसून डोळे मिटायचे. मला आधी वाटायचं झोपले. ते इंजिन ऐकत असायचे. मग उतरताना ड्रायव्हरला सल्ला. पैसे देणारा प्रवासी उलट सल्लाही देतो म्हटल्यावर ते लोक खूश असत.

२०२१ च्या जानेवारीत बातमी आली की केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनी बंद करायला मंजुरी दिली. ह्यांनी पेपरची घडी घातली, स्वेटर चढवला आणि म्हणाले, चल, चक्कर मारून येऊ. आम्ही कारखान्याच्या फाटकापर्यंत गेलो. उभे राहिलो. मी काही बोलले नाही, मला काय बोलावं सुचेना. तेवढ्यात समोरून एक विक्रम फटफटत गेला. ह्यांनी मान तिरकी केली, ऐकलं आणि म्हणाले, "टॅपेट वाजतंय." मग आम्ही घरी आलो. चहा झाला. पुढच्या वर्षी हे गेले.

त्यानंतर मी गाणं सुरू केलं. आमच्या मुलीला वाटतं दुःख विसरायला केलं. तसं नाही. हे असताना गाता येत नव्हतं, कारण ह्यांना सुरांचं काही नव्हतं पण ठोक्याचा कान भयंकर होता. मी पोळ्या करताना गुणगुणले तरी आतून आवाज यायचा, "लय गेली."

मिरजेत जन्मून मी गाणं शिकले नाही, याचं इकडे लोकांना नवल वाटतं. तंबोऱ्यांचं गाव! आमच्या शाळेच्या वाटेवर भोपळे वाळत टाकलेले असायचे. तंबोरे गावाबाहेर जायचे, देशभर. आणि मुली शिवणाच्या क्लासला. असो. आता माझ्या गाण्याच्या बाई भातखंड्यात शिकलेल्या, कैसरबागेत राहतात. मार्च २०१९ पासून विमानतळापासून थेट मेट्रो झाली, तेव्हा मी ई-रिक्षाने स्टेशन गाठते, हजरतगंजला उतरते आणि पुढे पुन्हा ई-रिक्षा. गुडघ्यांचं म्हणणं एवढंच असतं की सरकते जिने चालू असावेत.

हे भातखंडे म्हणजे आपले विष्णु नारायण भातखंडे. मुंबईच्या वाळकेश्वरचे, पेशाने वकील. वकिली सोडून देशभर हिंडून उस्तादांकडच्या चिजा गोळा केल्या, लिहून काढल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली. लखनौचं संगीत महाविद्यालय १९२६ साली त्यांच्याच पुढाकाराने सुरू झालं. तेव्हा गव्हर्नरच्या नावाने मॅरिस कॉलेज म्हणत. पुढे श्रीकृष्ण रातंजनकर तिथे कितीतरी वर्षं प्राचार्य होते. आज ते विद्यापीठ आहे, कैसरबागेत वाजिद अली शहाच्या परीखान्यात भरतं. नवाबाच्या परीखान्यात वाळकेश्वरच्या वकिलाचं नाव, हे मला फार आवडतं.

तर मुद्दा असा, की त्यांची क्रमिक पुस्तकं मुळात मराठीत आहेत. इकडे सगळे हिंदी अनुवादावर शिकतात. माझ्याकडे मिरजेहून आणलेलं जुनं मराठी पुस्तक आहे, पानं पिवळी, वाळवीने एक कोपरा चाखलेला. बाई अडल्या की मला विचारतात, "मूल में क्या लिखा है?" आणि मी चष्मा पुसून वाचून दाखवते. बाईंपेक्षा मला जास्त येणारी गोष्ट ही एकच, म्हणून मी सावकाश वाचते.

मी पहिल्या परीक्षेला बसले तेव्हा बाकावर माझ्या शेजारी नऊ वर्षांचा मुलगा होता. त्याने विचारलं, "दादी, आपका नाती कहाँ है?" म्हटलं, मीच परीक्षेला आलेय. त्याने जरा सरकून जागा दिली आणि खिशातली लिमलेटची गोळी काढून म्हणाला, "गला सूखता है." भूपाली गायले. आरोहात एकदा श्वास कमी पडला, पण पास झाले. तो मुलगा पहिला आला. गोळीमुळे असणार.

आता घराचं. मुलाचं गेली तीन वर्षं चाललंय, आई, पुण्याला ये, सरोजिनी नगरचं घर विकून टाकू. तो चुकीचं बोलत नाही. इथे मी एकटी. थंडीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, धुकं पडतं, पुष्पक उशिरा येते. तिथे सून चांगली आहे, लिफ्ट आहे, आणि सगळीकडे मराठी ऐकू येतं. मी मागच्या वर्षी दोन महिने राहून आले. खाली बागेत बायका बसतात, सगळ्या माझ्याच वयाच्या, मजेत असतात. पण मी "हम" म्हणून गेले की त्या माझ्याकडे बघतात. आणि जूनमध्ये दशहरी कुठे? हापूस मला आवडतो, मी मिरजेची आहे, शपथेवर सांगते. पण हापूस संपला की इकडे मलिहाबादचा दशहरी सुरू होतो. बादलीत गार पाण्यात घालून ठेवायचा आणि चोखून खायचा. मूळ झाड म्हणतात ते काकोरीजवळच्या दशहरी गावात अजून उभं आहे. मुलगा म्हणतो, पुण्यातही मिळतो. मिळतो ना. भुसावळपर्यंतच तो थकलेला असतो.

परवा घर बघायला एक जोडपं आलं होतं. सुनेच्या ओळखीतलं. चांगली माणसं, विमानतळावर नोकरी. बाईंच्या कडेवर लहान मूल. मी पोहे केले. ते म्हणाले, हमारे यहाँ इसमें मटर पड़ती है. म्हटलं माहीत आहे, पन्नास वर्षं झाली, थंडीत तुमच्या चूड़ा-मटरमध्ये पोहे शोधून शोधून खातेय. हसलो सगळे. त्यांनी खोल्या बघितल्या, गच्ची बघितली. किंमतही ठीक सांगितली. जाताना त्या बाईंनी विचारलं, "आंटी, हवाई जहाज की आवाज़ से नींद नहीं टूटती?" मी सांगितलं, आवाज आला नाही की तुटते.

त्यांच्या बाळासाठी मी एक झबलं छापून आणलंय. कमळाची नक्षी आहे, कडेने मुर्री घालणार आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून सुईत दोरा पुन्हा माझा मला ओवता येतो.

पुष्पकचं माझं तिकीट डिसेंबरचं आहे. पुण्याला होळीपर्यंत राहीन, मग परत. मार्चनंतर माझी दुसऱ्या वर्षाची परीक्षा आहे. घर विकायचं नाही असं मी ठरवलंय. त्या जोडप्याला काल फोन करून सांगितलं, त्यांनी पलीकडच्या कॉलनीतलं घर बघितलंय, झबलं द्यायला बरं पडेल. मुलाला अजून सांगितलेलं नाही. हा व्हिडिओ कधी टाकणार म्हणालात? रविवारी? बरं. शनिवारी रात्री फोन बंद ठेवते.