लाकडी बैलाचे आभार

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण असतो. त्याआधी तिथल्या बालवर्गांत मुलं कागदावर आपला पंजा ठेवतात, भोवती पेन्सिल फिरवतात आणि बोटांची पिसं रंगवून टर्की पक्षी काढतात. तिकडच्या मराठी घरांतही अशी टर्की फ्रीजवर चिकटवलेली दिसते. लहान मुलाला आभार शिकवायचे तर हातानंच शिकवावेत, हे त्या शिक्षकांनी नीट ओळखलंय. पण आपल्या नागपुरात हे फार जुनं आहे. आपल्याकडे त्याला तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा पोळा, म्हणतात.

मोठा पोळा, म्हणजे बैलांचा, श्रावणी अमावस्येचा. या दिवसांत शेत कसं असतं ते आठवा. डवरणी उरकत आलेली, पऱ्हाटीला पात्या-फुलं लागलेली, सोयाबीन हिरवंगार. घरात दाणा आलेला नसतो. पीक येईल की पावसात जाईल, कोणीच सांगू शकत नाही. तरी शेतकरी बैलाला धुतो, शिंगं रंगवतो, पाठीवर झूल टाकतो आणि पुरणपोळी खाऊ घालतो. जगातले बहुतेक आभाराचे सण पीक हाती आल्यावर होतात. पोळा त्याच्या आधी येतो. इथं आभार पिकाचे नाहीत, कष्टाचे आहेत. मला या सणातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

आणि ते कष्ट कुठे दिसतात? बैलाच्या खांद्यावर. म्हणून आदल्या संध्याकाळी खांदशेकणी होते. वशिंडाच्या पुढे, जिथं जू टेकतं, तिथं लोणी-हळद चोळतात, पळसाच्या पानानं शेकतात, आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात.

मुलांचा पोळा मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. हा नागपूरकर भोसल्यांच्या दुसऱ्या रघुजीराजांनी सुरू केला, असं इथं मानतात, आणि १८०६ हे साल सांगतात. खरा बैल अंगानं मोठा, शिंगाला तेज. चिमुकल्या हातात त्याचा कासरा कसा द्यायचा? म्हणून लाकडाचा बैल आला. ज्या मुलखात हे घडलं तिथली गवळाऊ जात पांढरीशुभ्र आणि चालीला वेगवान. मराठ्यांच्या फौजांचं सामान तिनं वाहिलेलं आहे. दरबाराला बैलाचं ऋण ठाऊक होतं, ते पोरांनाही ठाऊक व्हावं, असा हेतू मला तरी त्यात दिसतो.

आजही नागपूरच्या चितारओळीत पोळ्याच्या आधी लाकडी नंदी मांडलेले असतात, मुठीत मावणाऱ्यापासून पोराच्या उंचीएवढ्यापर्यंत. पायाखाली चाकं, गळ्यात घुंगरू. तान्ह्या पोळ्याचा दिवस कलला की मुलं नंदी ओढत निघतात. शेजारच्या काकू नंदीचे पाय धुतात, कुंकू लावतात, ओवाळतात आणि मुलाच्या हातावर बोजारा ठेवतात, म्हणजे थोडे पैसे, खाऊ. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेला तर माणसाहून उंच नंदी निघतात आणि ते पाहायला गावोगावचे लोक लोटतात.

आता शाळेबद्दल. अंगणवाड्यांत, बालवर्गांत तान्हा पोळा होतो, याचा आनंद आहे. पण पुष्कळ ठिकाणी तो सजावटीच्या स्पर्धेवर येऊन थांबतो. ज्याचा नंदी मोठा, ज्याची झूल महाग, त्याला बक्षीस. ते बक्षीस आईबापांच्या खिशाला मिळतं. मुलाच्या हातानं त्यात काय केलं? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं जे काम उभं केलं, त्यात आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंचंच शैक्षणिक साहित्य होतं. तान्ह्या पोळ्याला तोच रस्ता शोभतो.

माझं शिक्षकताईंना सांगणं आहे, बैल मुलांनाच करू द्या, मातीचा. आपली काळी माती चिकट, पण वाळताना तडकते. तिच्यात थोडी रेती आणि बारीक भुसा मळा. मळायचं कामही मुलांचंच. ओल्या मातीचे चार पाय धडाचा भार पेलत नाहीत, बैल बसकण मारतो. मारू द्या. मग पायात तुराटीचे तुकडे खोचून पाहायला सांगा. जुन्या लुगड्याच्या काठाची झूल होते, सुतळीचा कासरा. सगळे बैल झाले की जोड्या लावा. वर्गात एकवीस बैल असतील तर एक एकटा उरतो, आणि सम-विषम फळ्यावर न लिहिता कळतं.

एका गोष्टीकडे मात्र आवर्जून लक्ष द्या. बहुतेक मुलं वशिंड विसरतात. शहरातल्या मुलाचा बैल घोड्यासारखा सपाट पाठीचा होतो, कारण त्यानं बैल जवळून पाहिलेलाच नसतो. शेतात ट्रॅक्टर आलाय, रस्त्यावरच्या बैलबंड्या गेल्यात. वशिंड लावून घ्या. दोन बैलांच्या मानेवर काडीचं जू ठेवू द्या, मागे दोरीनं एक दगड बांधा, ओढू द्या. ओढताना काडी कुठे रुतते, ते बोटानं चाचपू द्या. मग लोण्याचं बोट त्याच जागी फिरवायला सांगा. खांदशेकणी कशासाठी, हे चार वर्षांच्या पोराला याहून सोपं कसं सांगणार?

आणि जमलं तर एखाद्या शेतकरीदादांना वर्गात बोलवा. नागपूरपासून हिंगणा, कळमेश्वर, कुही काही लांब नाही. त्यांच्याकडे जोडी असेल तर उत्तम, नसेल तरी चालेल; बैलाचं नाव काय होतं, तो कशाला बुजायचा, विकताना घरात कोण रडलं, हे मुलांना विचारू द्या. मोठ्या माणसांना हे प्रश्न सुचत नाहीत, मुलांना सुचतात. दादांना ओवाळा, आणि त्या दिवशीचा बोजारा मुलांनी त्यांना द्यावा, स्वतः मळलेल्या मातीचा एक बैल.