खोटा ससा, खरी धाव : कारवानी पिल्लाचा आत्मविश्वास कसा वाढवायचा

कल्याण-शीळ रस्त्यावर बसमध्ये अडकून हे ऐकत असाल, तर घाई नाही. आजचा विषय निवांत ऐकण्यासारखा आहे.

शीळफाट्याजवळ राहणाऱ्या आपल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. त्याच्याकडे दहा महिन्यांचा कारवानी कुत्रा आहे, लातूरकडून आणलेला. तो म्हणतो, "दादा, जात शिकारी, पण कंटेनरचा हॉर्न वाजला की हा माझ्या पायात घुसतो. पोरं म्हणतात, मलंगगडाकडे ने, दोन ससे मारू दे, आपोआप डेरिंग येईल. घरचे म्हणतात, असला भित्रा कुत्रा कशाला ठेवायचा? काय करू?"

माझं उत्तर आधीच सांगतो. ससा नको. कायद्यामुळे तर नकोच, पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी नको. कारण त्याने कुत्रा धीट होत नाही.

आधी हे बघू की हा सल्ला येतो कुठून. गावाकडच्या गप्पांतून येतो, आणि हल्ली यूट्यूबवरूनही येतो. लर्चर नावाच्या ब्रिटिश कुत्र्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. लर्चर म्हणजे ग्रेहाउंड किंवा व्हिपेटसारखा धावणारा कुत्रा आणि टेरियर किंवा कोली यांचा संकर. पोरं रात्री बॅटरी घेऊन शेतात जातात, उजेडात ससा दिसला की कुत्रा सोडतात. ते बघून आपल्याकडच्यांनाही वाटतं, चला, आपणही करू.

पण त्या व्हिडिओतला ससा आणि आपला ससा हे दोन वेगळे प्राणी आहेत. मराठीत दोघांनाही आपण ससाच म्हणतो, तिथेच गल्लत होते. तिकडचा तो बिळं खणून घोळक्याने राहतो, शेतकरी त्याला उपद्रवी मानतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने कुत्र्यांकडून रानससा मारायला बंदी आली. बिळातल्या सशाला मात्र, जमीनमालकाची परवानगी असेल तर, सूट राहिली. आपल्याकडे रानात तो बिळातला ससा नाहीच. आपला आहे तो रानससा. तो बीळ खणत नाही, गवतात अंग चेपून बसतो आणि अगदी पायाशी आलात की उसळून पळतो.

आणि या रानसशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्या कायद्यातली 'शिकार' या शब्दाची व्याख्या एकदा वाचा. त्यात फक्त मारणं येत नाही. पकडणं, हाकणं, कुत्र्याकडून पाठलाग करवणं, आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच. म्हणजे 'आम्ही मारला नाही, नुसता पळवला' ही सबब चालत नाही. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंडाची मर्यादा एक लाख रुपयांवर गेली आहे. गुन्ह्यात वापरलेली गाडीही सरकारजमा होऊ शकते.

कोणी म्हणेल, मग बाजारातून पाळीव पांढरा ससा आणू आणि मैदानात सोडू. तोही मार्ग बंद आहे. करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्याचं भक्ष्य म्हणून पुढे करणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हा आहे.

आता कायद्याची फाईल बंद करून कुत्र्याकडे बघू.

श्रोत्याच्या मेसेजमध्ये दोन वेगळे प्रश्न एकत्र आलेत. एक, कुत्रा आवाजाला घाबरतो. दोन, त्याला धावण्याचा, पाठलागाचा आत्मविश्वास द्यायचाय. आमच्या भाषेत सांगायचं तर हे दोन वेगळे बग आहेत, एका पॅचने सुटणार नाहीत. ससा पकडला म्हणून हॉर्नची भीती जात नाही.

आवाजाचं आधी घेऊ. पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो. त्या काळात जे दिसतं, ऐकू येतं, ते त्याला पुढे नेहमीचं वाटतं. आता लातूरकडच्या एखाद्या शेतवस्तीवर वाढलेलं पिल्लू आणा आणि शीळफाट्याला उभं करा. पनवेलकडून येणारे कंटेनर, मुंब्र्याकडचे ट्रक, मेट्रोचं काम, वर हॉर्न. माणूस दचकतो तिथे! याला भित्रेपणा म्हणू नका. त्याला ही भाषा कधी कोणी शिकवलीच नाही.

मग शिकवायची कशी? लांबून. रस्त्यापासून इतक्या अंतरावर बसा की त्याला आवाज ऐकू येईल, पण तो हातातला चिकनचा तुकडा खाईल. हीच तुमची मोजपट्टी. खातोय म्हणजे अंतर बरोबर आहे. तोंड फिरवलं, शेपूट पोटाखाली गेली, उगाच जांभया द्यायला किंवा ओठ चाटायला लागला, की समजा जास्त जवळ आलोय. मागे या. दहा मिनिटं, रोज. चार-पाच दिवस छान गेले की दहा पावलं पुढे सरका. ओढत नेऊन 'सवय होईल' म्हणू नका. त्याने भीती जात नाही, तुमच्यावरचा विश्वास जातो.

आता धावण्याकडे येऊ. इथे मजा आहे.

कारवानी, पश्मी, मुधोळ ही सगळी नजरेने शिकार करणारी घराणी. वास घेत फिरणारा कुत्रा वेगळा. हा लांबून हालचाल टिपतो आणि सुटतो. मराठवाडा, सोलापूर, विजापूर, बागलकोट या उघड्यावाघड्या माळांवर ही जात घडली. मुधोळ हाउंडवर २००५ मध्ये टपाल तिकीट निघालं, पुढे लष्करानेही त्याला चाचणीसाठी घेतलं. सांगायचा मुद्दा, हा कुत्रा फक्त शिकारीपुरता नाही.

आणि त्याला चेतवते ती हालचाल. गवतात सरपटणारी प्लास्टिकची पिशवीसुद्धा त्याला पुरते. म्हणजे आपल्याला खोटा ससा बनवता येतो. खऱ्या सशापेक्षा त्याचा मोठा फायदा असा की जिंकायचं कधी, हे आपण ठरवतो. आत्मविश्वास जिंकण्यातून येतो. रानससा आडवीतिडवी वळणं घेतो आणि कोवळ्या कुत्र्याच्या हातावर बहुतेक वेळा तुरी देतो. पहिल्याच काही धावांमध्ये दमून, हरून परत आलेला कुत्रा पुढच्या वेळी अर्ध्यात सोडायला शिकतो. आपल्याला नेमकं हेच नकोय.

सुरुवात काठीने करा. दीड मीटरचा बांबू, त्याला दोन मीटर सुती दोरी, टोकाला जुनं फडकं. फडकं जमिनीलगत फिरवा, हवेत नाही. उड्या मारायला लावल्या तर सांध्यांवर ताण येतो. सरळ आणि मोठ्या वळणाने न्या, गरकन वळवू नका. आणि त्याला पकडू द्या! पकडलं की शाबासकी. हिसकावून घेऊ नका, चिकनच्या बदल्यात सोडवा. तीन-चार धावा झाल्या की खेळ बंद, तो 'अजून एक' म्हणत असतानाच. कंटाळेपर्यंत खेळवलात तर दुसऱ्या दिवशी तो काठीकडे बघणारही नाही.

दोन-तीन आठवड्यांनी पुढची पायरी. जुनी सायकल उलटी ठेवा, मागच्या चाकाचा टायर काढा, रिमवर दोरी गुंडाळा आणि पॅडल हाताने फिरवा. वीस मीटरवरून फडकं सरपटत तुमच्याकडे येतं, मागे कुत्रा. झालं तुमचं मशीन. हातमोजे घाला. कुत्रा फडक्याजवळ पोचला की फिरवणं थांबवा, ताणलेली दोरी पायाला कापते. आधी वीस मीटर, मग तीस, मग चाळीस. एक दिवस त्याने अर्ध्यात सोडलं तर दुसऱ्या दिवशी परत वीसवर या. त्यात कमीपणा नाही.

सोबत अनुभवी कुत्रा धावायला सोडू का, असंही विचारतात. सुरुवातीला नको. मोठा कुत्रा दरवेळी आधी पोचतो आणि पिल्लू मागे राहायलाच शिकतं.

जागा मात्र कुंपणाची हवी. शीळ, कटई, पलावा, खोणी, कुठेही बघा, मोकळं दिसणारं रान शेवटी रस्त्याला, खोदकामाला नाहीतर तारेच्या कुंपणाला जाऊन भिडतं. ग्रेहाउंड ताशी ६० किलोमीटरच्या पुढे जातो, आणि आपला कारवानी त्याच घडणीचा आहे. त्या वेगात त्याला ना तार दिसते, ना तुमची हाक ऐकू येते. कंटेनरचा ड्रायव्हर तरी काय करणार? आपल्या भागात क्रिकेटचे टर्फ भरपूर आहेत, चारी बाजूंनी जाळी असते. पहाटे रिकामा असताना मालकाला विचारून बघा, स्वच्छता आपली जबाबदारी म्हणून सांगा. फक्त ऊन चढायच्या आत आटपा, तापलेल्या टर्फवर पंजे भाजतात.

शरीराबद्दल तीन गोष्टी. एक, दहा महिन्यांच्या पिल्लाची हाडं अजून वाढतायत. दीड वर्षाचा होईपर्यंत लांब आणि जोरकस धावा नकोत, वर सांगितलेल्या छोट्या खेळांवरच भागवा. दोन, खोल छातीच्या कुत्र्याला पोटभर खाऊ घालून लगेच पळवू नका, पोटाला पीळ पडला तर जिवावर बेततं. तीन, आणि हे नीट ऐका : धावणारा कुत्रा अचानक मागे राहायला लागला, तर 'डेरिंग गेली' म्हणण्याआधी अंगावर गोचिडी आहेत का ते बघा. ताप, फिके हिरडे, खाण्यावरची वासना उडणं, ही गोचीड तापाची लक्षणं असू शकतात. डॉक्टरकडे न्या, रक्त तपासा. आजारी कुत्र्याला भित्रा ठरवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आणि घरच्यांनो, 'परत देऊन टाक' हे शब्द जरा जपून वापरा. परत घेणारा कोणी भेटत नाही, आणि मग असा कुत्रा नाक्यावर सोडला जातो. पाळलेला प्राणी असा सोडून देणं हाही गुन्हाच आहे. दहा महिन्यांचं पिल्लू म्हणजे शाळकरी पोर. त्याला सहा महिने द्या. रोज वीस मिनिटं लागतात, रील्स बघण्यात त्याहून जास्त जातात.

शेवटी एक नंबर लिहून ठेवा : १९२६. वनविभागाची हेल्पलाइन आहे. डोंगराकडे कोणी कुत्रे घेऊन सशांमागे लागलेले दिसले किंवा जखमी ससा सापडला तर फोन करा, स्वतः भांडायला जाऊ नका.

तुमच्याकडे कारवानी, पश्मी किंवा मुधोळ असेल तर त्याच्या खोट्या सशाचा व्हिडिओ पाठवा, आणि काठीचा खेळ सुरू करून पंधरा दिवसांनी काय फरक पडला तेही कळवा. पुढच्या भागात पावसाळ्यातल्या गोचिडींबद्दल सविस्तर बोलू. तोवर कुत्र्याला पाणी पाजा, स्वतःही प्या. भेटूच!