अक्कांच्या लेकीची जुनी नाव

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

आम्ही पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीहून बोलतोय. आम्ही म्हणजे आमचा बचत गट, तेरा जणी. आज आम्ही नावेबद्दल बोलणार आहोत. हसू नका. आमच्याकडे वर्षाला पाऊस चारशे-पाचशे मिलिमीटर, तोही पडला तर. नाव कुणाच्या दारात नाही. पण २०२५ च्या दिवाळीनंतर आमच्या गटाच्या चार बैठका एका जुन्या नावेवर झाल्या, आणि ती नाव होती इंग्लंडमध्ये.

झालं असं. आमच्या गटातल्या एक जणी आहेत, त्यांना आम्ही सगळ्या अक्का म्हणतो. त्यांची लेक नर्स आहे, तीन वर्षांपासून तिकडच्या एका दवाखान्यात नोकरीला. एक दिवस तिचा फोन आला, "आई, घरभाड्यात अर्धा पगार जातो. मी राहायला एक जुनी नाव घेते." मागितली किंमत अडतीस हजार पौंड, म्हणजे आपले चाळीस लाखांच्या वर. तिच्याकडे बरेचसे साठलेले होते, थोडं कर्ज मिळणार होतं, तरी कमी पडत होते. अक्कांनी दुधाचे आणि कांद्याचे मिळून सहा लाख ठेवीत टाकले होते. ती ठेव मोडायची आणि गटातून एक लाख घ्यायचे, असं त्यांनी बैठकीत मांडलं.

खरं सांगतो, आम्ही पहिल्या बैठकीत काय बोललो? लग्नाच्या वयाची पोरगी नावेत राहणार, लोक काय म्हणतील, एवढंच बोललो. एक तास त्यात गेला. नाव कशी आहे, किती जुनी आहे, हे एकीनंही विचारलं नाही. आज त्याची लाज वाटते. एक जण तर म्हणाल्या, बाईमाणसाचं काम आहे का नाव चालवणं? त्यांना दुसरीनं तिथंच सांगितलं की वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवतात आणि पर्यटकांना कांदळवन दाखवतात. त्यावर सगळ्या गप्प.

अक्कांच्या मनात मात्र वेगळीच भीती होती. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली नाव वादळी वाऱ्यात उलटली. सहा जीव गेले, त्यात लहान लेकरं होती. ती बातमी अक्कांच्या डोक्यातून जात नव्हती. नाव म्हटलं की त्यांना तेच दिसायचं. म्हणून लेकीनं व्हिडिओवर कालवा दाखवला. तिकडच्या कालव्याचं पाणी बहुतेक ठिकाणी छातीइतकंच असतं, आणि नाव माणसाच्या चालण्याच्या वेगानं जाते. धोका आहे, पण तो वेगळ्या जागी आहे, ते पुढं सांगतो.

हे कालवे आपल्या पाटासारखे शेतीसाठी काढलेले नाहीत. अडीचशे वर्षांपूर्वी कोळसा आणि माल वाहायला खणले. ब्रिजवॉटर कालवा १७६१ ला सुरू झाला, जेम्स ब्रिंडली नावाचा कारागीर त्यावर होता. काठाच्या वाटेवरून घोडा चालायचा आणि दोरानं नाव ओढायचा. पुढं रेल्वे आली, वाहतुकीचे दर पडले, तेव्हा नावाड्यांनी घरभाडं वाचवायला बायकापोरांना नावेवरच आणलं. मागच्या टोकाला दहा फुटांची खोली, त्यात चूल, पलंग, आणि सगळी लेकरं. बाई सुकाणू धरायची, नवरा पुढं घोड्याबरोबर. पोरं शाळेला मुकली. मग १८७७ ला आणि १८८४ ला कायदे झाले, एका खोलीत किती माणसं झोपावीत ते ठरलं, पोरांच्या शिक्षणाचं आलं. हे ऐकून आमच्यातल्या पाथर्डीच्या माहेरवाशिणी म्हणाल्या, ही तर आमची ऊसतोडीची कोपी झाली. साखरशाळा तेवढी बाकी.

आता तिकडे माल जात नाही. लोक हौसेनं फिरतात आणि काही हजार लोक कायम राहतात. नाव असते चिंचोळी, जेमतेम सात फूट रुंद, कारण लॉक तेवढंच. लॉक म्हणजे पाण्याचा जिना. कालव्याला चढ आला की दोन दारांच्या हौदात नाव घालायची, वरचं पाणी सोडायचं, नाव वर उचलली जाते. उतरताना उलट. प्रत्येक वेळी एक लाख लिटरच्या वर पाणी खाली जातं.

हे ऐकल्यावर अक्का पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या. "दहा टँकर! आणि वर पाणी कुठून येतं?"

राळेगणच्या बाईनं हाच प्रश्न विचारायचा. वरच्या अंगाला तलाव बांधलेले असतात, तिथून येतं. आणि २०२५ च्या उन्हाळ्यात तिकडे पाऊस कमी झाला, तलाव खाली गेले, तर लीड्स-लिव्हरपूलसारख्या मोठ्या कालव्याची लॉकं महिनोन्‌महिने बंद ठेवावी लागली. नावा होत्या तिथं अडकल्या. म्हणजे इंग्लंडमध्ये असो नाहीतर पारनेरमध्ये, वरचं पाणी आटलं की खालचं गाडं थांबतं. कालव्याचा तळ गळू नये म्हणून त्यांनी चिकणमाती पाण्यात मळून, तुडवून थर दिलेला असतो. आपण बांधाच्या पोटात काळी माती भरतो तसंच. आमच्या गावचा पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळात बांधला तो गळका निघाला होता, नंतर गावानं दुरुस्त केला, तेव्हा कुठं खालच्या विहिरींना पाणी आलं. त्यामुळं गळती म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

तर गळतीपाशीच आपली गोष्ट येते. दुसऱ्या बैठकीत आमच्यातल्या एक म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "घोडेगावच्या बाजारात म्हैस घेताना आपण काय बघतो, तेवढं तिला विचारा." मग फोन लावला आणि एकेक विचारत गेलो.

म्हैस विकणारा आदल्या वेळची धार तुंबवून आणतो, कास टम्म दिसते. म्हणून आपण दोन वेळची धार स्वतः काढून बघतो. लेक म्हणाली, इंजिनाचं तसंच असतं. बघायला जाल तेव्हा इंजिन गार असलं पाहिजे. आधीच तापवून ठेवलं असेल तर समजायचं, थंडीत ते सुरू व्हायला कुरकुरतं. ही गेली तेव्हा इंजिन गरम होतं. तिनं ते मनावर घेतलं नव्हतं.

शिंगांना रंग लावलेला असतो, तसं नावेच्या बुडाला काळं डांबर. दर दोन-तीन वर्षांनी ते लावावंच लागतं, नाहीतर लोखंड गंजतं. पण विकायच्या तोंडावर ताजं डांबर मारलं की खालचे खड्डे झाकतात. विकणारा अभिमानानं सांगत होता, गेल्या महिन्यातच मारलंय. मावशींनी कपाळाला हात लावला.

कागद कुठले आहेत? चार वर्षांसाठी असतं ते सुरक्षेचं प्रमाणपत्र होतं. आम्हाला वाटलं झालं काम. पण ते गॅस, वायरिंग, डिझेलची टाकी एवढंच बघतं, बूड बघत नाही. आपल्याकडे गाडीची पीयूसी असते ना, ती असली म्हणजे गाडीचं इंजिन धड आहे असं होतं का? तसंच. आणि नावेचा सातबारा नसतो. घराची जशी सरकारदरबारी मालकीची नोंद असते तशी कालव्यातल्या नावेची सक्तीची नोंद नाही. कालव्यावर फिरायचा परवाना कुणाच्या नावावर आहे यावरून मालकी ठरत नाही. मागची खरेदीपत्रं, दुरुस्तीची बिलं, विम्याचे कागद, नावेवर कुणाचं कर्ज उरलंय का, हे एकेक जुळवून बघावं लागतं.

आम्ही तेव्हा ठरवलं, गटाचा एक लाख द्यायचा की नाही ते तपासणी झाल्यावर. अक्का नाराज झाल्या. लेकीनं विसाराचे दहा टक्के दिले होते, पण कागदावर लिहून घेतलं होतं की तपासणीत दोष निघाला तर परत. एवढं शहाणपण तिनं स्वतःच केलं होतं.

तपासणी म्हणजे काय, तर नाव पाण्याबाहेर काढतात, तपासनीस हातोडीनं ठोकतो आणि एका यंत्रानं ठिकठिकाणी पत्र्याची जाडी मोजतो. आता नव्या नावेचं बूड साधारण दहा मिलिमीटर, बाजू सहा आणि वरची खोली चार मिलिमीटरची असते. ही नाव १९८९ ची, तिचं बूडही सहाचंच. विमेवाले बहुधा निदान चार मिलिमीटर जाडी मागतात. हिच्यात पाण्याच्या रेषेजवळ तीन ठिकाणी साडेतीनच्याही खाली आली. जाड पत्रा वरून वेल्ड करता येतो, पण त्याचा खर्च मोठा, नाव जड होते, पाण्यात खाली बसते. मागच्या बाजूच्या फळीखाली पाणी साचलेलं सापडलं ते वेगळंच.

तपासणीला सातशे पौंड गेले, नाव वर काढायचे वेगळे. अक्का दोन दिवस बोलल्या नाहीत. "नाव नाही ती नाही, वर पाऊण लाखाचा चुराडा." आम्हालाही धड उत्तर सुचलं नाही. मधल्या दलालानं विसार परत करायला सहा आठवडे लावले, रोज नवी सबब. शेवटी आले पैसे.

मधल्या काळात आम्ही तिला राहण्याचे प्रश्न विचारले, आणि खरं तर ते आधी विचारायला हवे होते. नाव घेतली तर ती उभी कुठं करणार? इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे दोन हजार मैल कालवे-नद्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट सांभाळतो. तिथं कायमची जागा भाड्यानं घेतली नसेल तर १९९५ च्या कायद्यानं एका ठिकाणी चौदा दिवसांहून जास्त थांबता येत नाही, पुढं जावंच लागतं. अशा फिरत्या नावांना २०२४ पासून परवान्याचे पैसेही जादा. दवाखान्यात रात्रपाळी करणारी पोरगी दर पंधरा दिवसांनी घर हलवणार कधी? शिवाय नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसाला पत्ता सरकारला आणि मालकाला कळवावा लागतो. फिरत्या नावेचा पत्ता काय लिहिणार? बँक पत्ता मागते, डॉक्टर मागतो. या प्रश्नावर ती फोनवर बराच वेळ गप्प होती.

पाणी टाकीत भरून आणायचं, संडासाची पेटी स्वतः उचलून नेऊन रिकामी करायची, हिवाळ्यात कोळशाची शेगडी. हंडे वाहून आमच्या पिढीची मान मोडली, आणि ही पोरगी लाखो रुपये देऊन तेच घेते, असं आमच्यातली एक म्हणालीच. शेगडीची मात्र आम्ही तिच्याकडून शपथ घेतली. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, हे आपल्याकडे थंडीत दरवर्षी कुठं ना कुठं घडतं. त्या वायूला वास नसतो. तिकडे २०१९ पासून नावेत त्याची घंटा बसवणं सक्तीचं आहे. आणि मघाशी म्हटलं तो दुसरा धोका लॉकमध्ये. उतरताना नावेची मागची बाजू वरच्या दाराखालच्या दगडी उंबऱ्यावर अडकली तर पाणी खाली जातं आणि नाव तिरकी होऊन बुडते. थंडीत ओल्या दगडावरून पाय घसरला तर पाणी छातीइतकं असलं तरी बर्फासारखं असतं. एकटीनं लॉक करायचं नाही, हे तिनं आईला कबूल केलंय. किती पाळते देव जाणे.

मार्चमध्ये तिनं काम उलट बाजूनं केलं. आधी राहण्याची परवानगी असलेली जागा शोधली, दवाखान्यापासून सायकलनं वीस मिनिटांवर. अशा जागा फार थोड्या, भाडंही आहे. मग त्या जागेत मावेल अशी पंचेचाळीस फुटी नाव. तपासणी पुन्हा केली, जाडी सगळीकडे पाचच्या वर. गार इंजिन तिनं स्वतः सुरू केलं आणि आम्हाला व्हिडिओवर आवाज ऐकवला. आम्हाला त्यातलं काय कळणार, पण मावशी म्हणाल्या, "खोकत नाही."

किंमत पहिलीपेक्षा कमी होती. अक्कांच्या ठेवीतले चार लाख लागले. गटाचा लाख लागलाच नाही, तो एप्रिलमध्ये दुसऱ्या एका बाईंना शेळ्यांसाठी दिला. ही नाव म्हणजे घर नव्हे, जमिनीसारखी हिची किंमत वाढणार नाही, उतरतच जाईल, हे आम्ही अक्कांना दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "भाडं तरी कुठं वाढून परत येतं?" हिशोबाला ते धरून आहे. तरी आमच्यातल्या निम्म्या जणींना अजून पटलेलं नाही.

सध्या यादवबाबांच्या देवळाजवळ दुपारी आमचं गोधडीचं काम चाललंय. लोखंडी नावेत रात्री भिंतीला घाम येतो म्हणे, अंथरूण ओलं होतं. जुन्या सुती साड्या सगळ्यांनी दिल्या. आपल्या नेहमीच्या मापाची गोधडी तिथं बसणार नाही, पलंग चारच फूट रुंद आहे, आणि एका कोपऱ्यात कापलेला. म्हणून तिला वर्तमानपत्रावर आकार काढून फोटो पाठवायला सांगितलाय. तो आला की काठ शिवायला घेऊ.