नुकसानभरपाईच्या तक्त्याबाहेरचे



धरणग्रस्तांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्याच्या पिशवीत सात-बाराचे उतारे, निवेदनांच्या प्रती आणि शासकीय निर्णय असतात. कादंबरी क्वचितच असते. ललित वाङ्मय हा फावल्या वेळचा उद्योग, असा समज चळवळीत रुजलेला आहे. तो पुन्हा तपासावयास लावतील अशा दोन कादंबऱ्या मराठीत आहेत. विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' १९९१ साली प्रसिद्ध झाली. कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

'झाडाझडती'त धरणासाठी उठविलेल्या गावाची वाताहत आहे. कचेरीतले हेलपाटे, दलालांची साखळी, पुढाऱ्यांची आश्वासने हे सारे तीत इतक्या तपशिलाने येते की पुनर्वसनाच्या कारभारावरचा तो दस्तऐवजच ठरावा. मात्र प्रसंगांची गर्दी फार आणि सज्जन-दुर्जनांची वाटणी ठळक. परिणामी वाचकाचा संताप भ्रष्ट माणसांवर स्थिरावतो. अधिकारी प्रामाणिक असते तर सारे सुरळीत झाले असते, असा समज होण्याचा त्यात धोका आहे. एकाचे शिवार भिजावे म्हणून दुसऱ्याचे बुडवावे, हा विकासाचा हिशेबच मागे पडतो.

'रिंगाण'मध्ये विस्थापित झालेला देवाप्पा मागे राहिलेल्या म्हशीच्या शोधात सोडलेल्या गावाकडे परततो. म्हैस आता रानटी झाली आहे. धन्याला ती जुमानत नाही. माणूस आणि जनावर यांच्या झुंजीवर कादंबरी उभी आहे. यात सरकार कुठे, संघटना कुठे, असे चळवळीतला वाचक विचारील. ती तक्रार सर्वस्वी गैर नव्हे. परंतु निवेदनात कधीच न येणारी गोष्ट ही कादंबरी दाखविते.

कायद्याकडे पाहावे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभाव हाच पाया होता. १९८४ च्या दुरुस्तीने त्यावरील दिलासा रक्कम तीस टक्के झाली. २०१३ च्या कायद्याने ती शंभर टक्क्यांवर नेली. त्याच कायद्याच्या परिशिष्टात गोठ्यासाठी किमान २५,००० रुपये आहेत, नव्या गावठाणालगत चराऊ रानाची तरतूदही आहे. अनेक वर्षांच्या लढ्यांचे हे फळ आहे आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही देवाप्पाचे काय? गोठ्याचे पैसे देता येतात. पण ज्या रानाशी त्याची म्हैस आणि तो जोडलेले होते, ते रान कोणत्या रकान्यात बसवावयाचे?

हा केवळ भावनेचा प्रश्न नव्हे, अर्थशास्त्राचाही आहे. कोणत्या बांधाखाली ओल टिकते, कोणता पाला जनावराला सोसतो, सुगीत कोणाशी सावड करावी, हे ज्ञान शेतकऱ्याचे भांडवलच असते. ते त्या जागेपुरतेच उपयोगी असते, म्हणून बाजारात त्याला किंमत नाही. उठविलेला माणूस परक्या मातीत जातो तेव्हा जमीन मिळूनही तो अकुशल मजूर ठरतो. नुकसान झालेले असते, पण मोजले जात नाही. आणि जे मोजले जात नाही ते मागितलेही जात नाही.

चळवळीने येथे थोडे आत्मपरीक्षण करावे. १९२१ च्या मुळशी सत्याग्रहात जमीन सोडावी की नाही, आणि ते ठरविणार कोण, हा मूळ प्रश्न होता. पुढे झगडा पुष्कळदा दराचा झाला. दर मागणे आवश्यकच होते. पण सरकारी तक्त्याची भाषा बोलता बोलता कार्यकर्त्यालाही त्या तक्त्याबाहेरचे दिसेनासे झाले.

म्हणून पाहणीसाठी वस्तीवर जाणाऱ्या कार्यकर्त्याने या दोन्ही कादंबऱ्या वाचून जावे. क्षेत्र, झाडे, घर यांची नोंद झाल्यावर वही मिटू नये. 'तिकडे तुम्हाला काय येत होते, जे इथे उपयोगी पडत नाही?' एवढा एक प्रश्न अधिक विचारावा आणि उत्तर संपेपर्यंत बसून राहावे. पुढच्या निवेदनाचा मसुदा तेथूनच सुरू करता येईल.